मोहालीची चिप आणि वर्गातला संगणक

चंदीगडचा आराखडा 1951 साली आकाराला आला, तेव्हा वास्तुविशारद ल कॉर्बुझिए आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शाळकरी मुलांचा विचार फार बारकाईने केला होता. 800 बाय 1200 मीटरचा एक सेक्टर, आत हिरवा पट्टा आणि त्या पट्ट्यातच शाळा. भरधाव गाड्यांचा रस्ता न ओलांडता मुलाला पायी वर्गात पोहोचता यावे, हा हेतू. मोठ्यांचे काम मात्र एकाच साच्यातले धरले होते. फाळणीत लाहोर गेले, पंजाबला नवी राजधानी हवी होती, त्यामुळे हे शहर मुळात कचेऱ्यांचे. 254 मीटर लांबीचे सचिवालय, तिथे फायली पुढे सरकवणारे हजारो कर्मचारी आणि त्यांच्यासाठी हुद्द्यानुसार ठरवलेली तेरा प्रकारची सरकारी घरे. शिकायचे ते अशा नोकरीसाठी, हे न बोलता ठरलेले होते. ज्या मजुरांनी हे शहर बांधले, त्यांना आराखड्यात घरच नव्हते. त्यांच्या वस्त्या कडेकडेने वाढत गेल्या.

या शहराला लागून असलेल्या मोहालीत 1984 च्या सुमारास सरकारी ‘सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स’चे उत्पादन सुरू झाले. भारतात चिप तयार करणारा हा कारखाना. आज सारे जग जिच्या दारात उभे आहे ती तैवानची टीएसएमसी ही चिप-कंपनी त्यानंतर, 1987 साली जन्मली. मोहालीत उत्पादन सुरू झाले त्याच सुमारास केंद्र सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ नावाची संगणक साक्षरता योजना आणली आणि पहिल्या टप्प्यात सुमारे 250 शाळांना ‘बीबीसी मायक्रो’ ही ब्रिटिश यंत्रे दिली. पुढे याच यंत्राची भारतीय आवृत्ती, ‘युनिकॉर्न’ नावाने, परवाना घेऊन मोहालीत होऊ लागली. सुटे भाग जोडण्यापासून सुरुवात करायची आणि त्यातला 6502 हा प्रोसेसरही पुढे इथेच घडवायचा, असा बेत होता.

या बेताकडे आपण नीट पाहिलेच नाही, असे मला वाटते. शाळेतले मूल ज्या यंत्रावर शिकणार, ते यंत्र आणि त्याचा मेंदू त्याच्याच देशातल्या एका कारखान्यात घडणार, एवढी मोठी ही कल्पना होती. शिवाय ते यंत्रही शिकण्याजोगे. 32 केबी स्मृती, चालू केले की समोर रिकामा पडदा आणि लुकलुकणारी खूण. मुलाने बेसिक भाषेत दोन ओळी लिहिल्याशिवाय ते काहीच करत नसे. त्याच्याशी गाठ पडलेल्या मुलाला संगणक म्हणजे आज्ञा देण्याची वस्तू, हे पहिल्याच तासाला कळे.

योजनेत दोषही होते, आणि ते झाकण्यात अर्थ नाही. शिक्षकांना घाईघाईचे प्रशिक्षण मिळाले, पाठ परक्या भाषेतले, आणि अनेक शाळांत संगणक कुलूपबंद खोलीत गेला. हे सुधारता आले असते. पण फेब्रुवारी 1989 मध्ये मोहालीच्या कारखान्याला आग लागली. तो पुन्हा उभा राहायला 1997 साल उजाडले. मधल्या काळात जग कितीतरी पिढ्या पुढे गेले होते, आयात खुली झाली होती आणि शाळांत तयार पेट्या येऊ लागल्या होत्या.

त्यानंतर मुलाचे संगणकाशी नाते बदलले. मूल नुसते वापरणारे झाले. महाराष्ट्रात 2001 साली संगणक-शिक्षण देणारे एमकेसीएल स्थापन झाले आणि त्याच्या एमएस-सीआयटी या संगणक साक्षरता अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र सरकारी नोकरीच्या अर्जाला जोडावे लागू लागले. गावोगावच्या लाखो मुलामुलींच्या हाताला माउसची सवय लागली, ही लहान कामगिरी नव्हे. पण त्या अभ्यासक्रमाची धाव पत्र टाइप करणे आणि तक्ता भरणे इथपर्यंतच होती. टाइपरायटरच्या परीक्षेसारखीच आणखी एक परीक्षा आली, एवढेच.

कामाच्या जगात बदल याहून खोल होता. आपल्याकडे छापखान्यात खिळे जुळवणारे कंपोझिटर एका पिढीत दिसेनासे झाले, पानांची जुळणी पडद्यावर आली. वृत्तपत्रांची पाने लावणाऱ्या क्वार्क या सॉफ्टवेअरच्या कंपनीने आपले मोठे अभियंता-केंद्र मोहालीतच थाटले होते, हे मराठी पत्रकारितेत कितीजणांना ठाऊक असेल? चंदीगडमध्ये 2005 साली किशनगढजवळ राजीव गांधी टेक्नॉलॉजी पार्कचे उद्घाटन झाले, इन्फोसिस आली, कारकुनांच्या शहरात अभियंत्यांची मुले वाढू लागली. सेक्टर 34 शिकवणी वर्गांनी भरून गेला. एकमेकांना चिकटलेल्या पाट्यांवर प्रवेशपरीक्षा, संगणकाचे कोर्स आणि परदेशी जाण्यासाठी इंग्रजी. पुण्याच्या सदाशिव पेठेत किंवा लातूरमध्ये फिरणाऱ्याला हे दृश्य नवे नाही.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता नेमके तेच काम करू लागली आहे, जे या वर्गांत शिकवले गेले: ठरलेला मजकूर लिहिणे, ठरलेला कोड लिहिणे, ठरलेल्या प्रश्नाला ठरलेले उत्तर देणे. पहिल्या नोकरीची पायरीच झिजते आहे. अशा वेळी शाळेत टॅब्लेट वाटून शिक्षण आधुनिक झाले म्हणणे ही मुलांची फसवणूक आहे. 2020 च्या टाळेबंदीत शाळा मोबाइलवर गेली, तेव्हा ज्यांच्या घरी एकच फोन होता आणि तोही वडिलांबरोबर कामावर जात असे, त्या मुलांची शाळा बंदच राहिली. चंदीगडमध्ये ही मुले बहुतेक अशाच वस्त्यांतली, ज्यांना 1951 च्या आराखड्यात जागा नव्हती. 2020 च्याच शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंग आले खरे, पण ते शिकवणारा शिक्षक कुठून येणार, हा ‘क्लास’च्या वेळचा प्रश्न अजून तसाच आहे.

मोहालीचा कारखाना मात्र चालू आहे. तिथे 180 नॅनोमीटरच्या चिप बनतात. जगाच्या बाजारात हे तंत्र जुने, पण इस्रोच्या प्रक्षेपकांसाठीचा ‘विक्रम’ हा 32 बिटचा प्रोसेसर तिथेच घडला आणि 2025 साली देशापुढे आला. ‘चिप्स टू स्टार्टअप’ या सरकारी कार्यक्रमात महाविद्यालयांतले विद्यार्थी स्वतः आखलेली चिप मोहालीला पाठवतात आणि ती घडून त्यांच्या हाती परत येते. 1980 च्या दशकात तुटलेला धागा इथे पुन्हा हाती लागला आहे, निदान पदवीच्या पातळीवर.

तो शाळेपर्यंत आणायला नवी इमारत लागत नाही. चंदीगडच्या धनास-मलोया भागातल्या सरकारी शाळेतली नववीची मुले मोहालीला अर्ध्या तासाच्या बसप्रवासात पोहोचू शकतात. पुण्यातल्या महापालिका शाळांना सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था तर त्यांच्याच शहरात आहे. या संस्थांनी वर्षातले काही आठवडे गणित-विज्ञानाच्या शिक्षकांना आपल्या प्रयोगशाळेत बसवावे, त्यांच्या जागी शाळेत पर्यायी शिक्षक द्यावा, आणि या खर्चाची तरतूद टॅब्लेट खरेदीच्या आधी व्हावी. पुढच्या अर्थसंकल्पात चंदीगड प्रशासनाने आणि महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने एवढे तरी लिहून दाखवावे.