शेततळ्यातील मासळी आणि बर्फ

शासनाने 2016 साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना काढल्यापासून आपल्या जिल्ह्यात शेततळी पुष्कळ झाली, व कित्येक बागायतदार त्यांत रोहू, कटला, मृगळ सोडू लागले. तळे आटू लागले म्हणजे वैशाखात जाळे टाकावयाचे आणि काठावर मासळीचा ढीग करून व्यापाऱ्याची वाट पाहावयाची, असा प्रघात दिसतो. पुढे मांस मऊ व फाटलेले पाहून व्यापारी भाव पाडतो, आणि आपण त्यास दूषण देतो. माझ्या मते यात दोष बहुतांशी आपलाच आहे.

वृद्ध वाचकांस मोट आठवत असेल. बाभळीच्या सालीने कमावलेले तिचे चामडे वर्षानुवर्षे पाण्यात भिजूनही टिके. उलट कच्चे कातडे उकळले तर त्याचा सरस होतो. कातड्यातील तंतू कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे असून आडबंधांनी ते परस्परांशी जखडलेले असतात. कमावण्याने त्यांत बाहेरून नवे बंध पडतात. वयोमानानेही हे बंध पक्के होतात. जून बोकडाचे मटण लवकर शिजत नाही, ते याचमुळे. माशाच्या अंगी मात्र हे बंध थोडे व कच्चे असतात. बैलाचे कच्चे कातडे पाण्यात तापविल्यास सुमारे 65 अंश सेल्सियसला आकसते. थंड समुद्रातील कॉड माशाचे सुमारे 40 अंशांलाच. रोहूसारखे उष्ण पाण्यातील मासे या दोहोंच्या मध्ये येतात.

माशाच्या मांसाचे थर अशाच तंतूंच्या पातळ पडद्यांनी जोडलेले असतात. उन्हात ते लागलीच विरघळतात असे नव्हे. परंतु मेलेल्या माशाचे स्नायू उष्णतेत जोराने आखडतात, अंगचे पाचकरस पडदे पोखरू लागतात, आणि दुबळे सांधे सुटून मांसास भेगा पडतात. असा सुटलेला सांधा मागाहून घातलेल्या बर्फाने जुळत नाही.

करिता जाळे पहाटे टाकावे. मासळीच्या वजनाइतका बर्फ आधीच आणून ठेवावा, व मासे सावलीत धुऊन फोडलेल्या बर्फाच्या थरांत रचावेत. एकट्यास हा खर्च जड जातो, हे खरे. म्हणून शेजारच्या चार-पाच तळेवाल्यांनी एकाच दिवशी मासळी काढून बर्फ व वाहन यांचा खर्च वाटून घ्यावा, आणि आपल्या मंडळाने असे दिवस गावोगाव ठरवून द्यावेत, अशी माझी विनंती आहे. महिनोन्महिने खाद्य घालून वाढविलेला माल अखेरच्या चार घटकांत दवडणे कोणत्याही शेतकऱ्यास परवडणारे नाही.