कोपीही मोजा, साहेब

मा. जिल्हाधिकारी, सोलापूर यांस,


जनगणनेची जिल्ह्यातली जबाबदारी आपल्याकडे आहे. माणसांची प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारी 2027 मध्ये होईल. करमाळ्यात बेघर म्हणून कोणाला मोजायचे, हे त्याआधी ठरावे, एवढ्यासाठी हे पत्र.

बेघर म्हटले की एसटी स्टँडवर गोणपाट पांघरून पडलेला म्हातारा आठवतो. तो आजही आहे, पण तो एकटा नाही. 2001 मध्ये देशातल्या बेघरांत खेड्यांतले जास्त होते. 2011 मध्ये पारडे फिरले. 17.7 लाख बेघरांपैकी सुमारे 9.4 लाख शहरांत सापडले. खेड्यांतला आकडा घटला, तो घरे मिळाल्यामुळे की माणसे पोटामागे निघून गेल्यामुळे, हे जनगणनेच्या तक्त्यात दिसत नाही.

करमाळ्यात मात्र दिसते. उजनीच्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली, त्यांना निदान धरणग्रस्त म्हणून कागदावर जागा मिळाली. सप्टेंबर 2025च्या सीनेच्या पुरात ज्याची भिंत खचली आणि जो आज भावकीत पथारी टाकून आहे, तो कोणत्या रकान्यात बसतो?

आणि ऊसतोड मजूर? हंगामात शिवाराच्या कडेला कोप्या उभ्या राहतात. बांबूच्या कामट्या वाकवायच्या, वर ताडपत्री टाकायची. आत एक पेटी, दाराशी तीन दगडांची चूल, शेजारी वाढे खाणारे बैल. पहाटे नवरा-बायकोचा कोयता फडात जातो आणि तान्हे मूल मोठ्या बहिणीच्या कडेवर राहते. मुकादमाची उचल फिटेपर्यंत हाच संसार.

घरयादीचे काम एप्रिल ते सप्टेंबर 2026 या काळातले. तेव्हा कोप्या मोडलेल्या असतात, म्हणून यादीत त्या येतच नाहीत. फेब्रुवारीत मजूर इथे आणि गावच्या घराला कुलूप. इथल्या प्रगणकाने पाहिले नाही, तर तो कुठेच मोजला जाणार नाही.

म्हणून तीन विनंत्या. कोणती टोळी कोणत्या शिवारात उतरली आहे, हे कारखान्यांच्या शेतकी खात्याला आणि चिटबॉयला पक्के ठाऊक असते. ती यादी जानेवारीतच तहसीलदारांकडे मागवा. बेघरांच्या मोजणीच्या रात्री स्टँड, जेऊरचे रेल्वे स्थानक आणि देवळांचे मंडप यांसाठी वेगळे प्रगणक नेमा. पुरात घर गेलेल्यांची पंचनाम्यांवरून स्वतंत्र नोंद ठेवा.

शाळा, रेशन, निवारा यांचा पैसा आकड्यांवर ठरतो. जो मोजला गेला नाही, त्याच्या नावाने एक पत्राही मंजूर होत नाही.

आपला,
करमाळ्याचा एक नागरिक