प्रसाधनाचे ब्रश घेताना

खानापूर तालुक्यातील एका वाचक मातेचे पत्र आमच्यापुढे आहे. त्यांची धाकटी कन्या सौंदर्यप्रसाधनाचा वर्ग पुरा करून आली असून, थोरल्या बहिणीच्या लग्नात नवरीस व करवल्यांस सजविण्याचे काम तिने आपणहून अंगावर घेतले आहे. त्याकरिता तिला चोवीस ब्रशांची पेटी हवी आहे. एवढे ब्रश खरोखरीच लागतात काय, आणि स्वस्तातले घेतले तर चालतील काय, असे मातोश्री विचारतात. हा प्रश्न धर्मगुरूंस विचारण्याजोगा नव्हे हे आपणांस ठाऊक आहे, अशी पुस्तीही त्यांनी जोडली आहे. आमचे मत तसे नाही. गवंड्याची थापी किंवा शिंप्याची कात्री हे जसे हत्यार, तसाच ब्रशही. ज्या मुलीस या कामावर पुढे चार पैसे मिळवावयाचे आहेत, तिने ते पारखून घ्यावे हे योग्यच होय. शिवाय हे हत्यार दुसऱ्याच्या डोळ्यास लागते.

चोवीस प्रकारांची गरज नाही. आरंभास पाच पुरेत. चेहऱ्यासाठी दोन : पावडरीकरिता एक मोठा, गोल व मऊ, आणि गालांवरील रंगाकरिता त्याहून लहान, टोकास तिरपा असलेला. फाउंडेशन ओल्या स्पंजाने उत्तम बसते, म्हणून त्याचा निराळा ब्रश तूर्त नसला तरी अडत नाही. डोळ्यांसाठी तीन : पापणीवर रंग बसविण्याकरिता लहान चपटा, त्या रंगाच्या कडा विरविण्याकरिता घुमटासारखा, सैल केसांचा, आणि भुवया व पापणीची कड रेखण्याकरिता बारीक तिरपा. यांत दोन पैसे अधिक घालावयाचे झाल्यास ते रंग विरविणाऱ्या ब्रशावर घालावेत. पापणीवर रंगाचा ठिपका दिसतो की सावली दिसते, हे बहुतांशी त्याच्याच हाती असते. पेटीतील उरलेले ब्रश बहुधा याच पाचांची भावंडे असतात आणि किमतीचा बराच भाग चकचकीत डबीत जातो.

केसांविषयी मुलींमध्ये एक समजूत आहे की खऱ्या केसांचा तो ब्रश चांगला व नायलॉनचा तो हलका. हे आता तितकेसे खरे राहिलेले नाही. जनावराच्या केसावर सूक्ष्म खवले असतात, त्यांत कोरडी पावडर धरून राहते. म्हणून बकरीच्या व खारीच्या केसांचे ब्रश नावाजले गेले. जपानात हिरोशिमाजवळील कुमानो हे गाव अशा ब्रशांकरिता प्रसिद्ध आहे. सन २०११ मध्ये फुटबॉलचा विश्वचषक जिंकून आलेल्या आपल्या महिला संघास जपान सरकारने याच गावचे प्रसाधनाचे ब्रश भेट दिले होते. तेथील कारागीर केसांची नैसर्गिक टोके कापीत नाहीत. केस रचूनच ब्रशास आकार देतात. पण असा माल आपल्या खिशाचा नव्हे. उलट कृत्रिम तंतू हल्ली टोकास निमुळते करून मिळतात. ते द्रव रंग शोषून घेत नाहीत, लवकर धुतले जातात व लवकर वाळतात. ज्या ब्रशास दर आठवड्यास पाणी लागावयाचे आहे, तो कृत्रिम तंतूंचाच घ्यावा, असे आम्ही निःसंकोचपणे सांगू.

येथे एक सावधगिरी सुचवितो. बारीक रेघेकरिता पुष्कळ मुली चित्रकलेच्या दुकानातील ब्रश घेतात. नवा कोरा व नायलॉनचा असेल तर त्यास हरकत नाही, पैसेही वाचतात. मात्र मुंगसाच्या केसांचा ब्रश कोणी दाखविला तर तो परत करावा. सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगसास संरक्षण दिलेले असून त्याच्या केसांचा व्यापार हा गुन्हा आहे.

दुकानात पारख करणे अवघड नाही. ब्रश हाताच्या पाठीवर दाबून फिरवावा. टोचला तर तो डोळ्याजवळ नेण्याच्या लायकीचा नाही. केस चिमटीत धरून हलकेच ओढावेत. एखादा केस निघाला तर चालेल, चार निघाले तर ठेवून द्यावा, कारण गळलेला केस पुढे कोणाच्या तरी डोळ्यात जाणार. केस व दांडी यांस सांधणारी धातूची नळी हलवून पाहावी. स्वस्त ब्रश बहुधा तेथेच दगा देतो : आतील डिंक सुटतो आणि नळी दांडीवर फिरू लागते. घरी आणल्यावर ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासावा, म्हणजे केसांचा रंग सुटतो की काय ते कळते. इतक्या कसोट्यांस उतरणारा साधा ब्रश शंभर-दोनशे रुपयांत मिळू शकतो.

आता मुख्य गोष्ट. लग्नाच्या सकाळी नवरीपासून फुले उधळणाऱ्या लहान मुलींपर्यंत एकच ब्रश फिरतो. आपल्याकडे एका डबीतले काजळ एकाच बोटाने साऱ्या घरास लावण्याची रीत होती, तिचेच हे नवे रूप. सन २०२३ च्या पावसाळ्यात डोळे येण्याची साथ आली, तेव्हा एकाचे दुसऱ्यास कसे लागते हे घरोघर दिसले. पापणीवरची रांजणवाडी काय किंवा आलेले डोळे काय, त्यांतील जंतू ब्रशाबरोबर पुढच्या पापणीवर जाऊ शकतात. म्हणून चोवीस प्रकारांऐवजी डोळ्यांचे तेच तीन ब्रश तीन-तीन घ्यावेत. खर्च पेटीपेक्षा फार वाढणार नाही, आणि वापरलेला ब्रश न धुता दुसरीस लावण्याची वेळ येणार नाही. चेहऱ्याचे दोन ब्रश मात्र प्रत्येकीनंतर सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्यावेत. मस्काऱ्याची कांडी दोघींत वाटून घेऊच नये. वापरून टाकावयाच्या कांड्या मिळतात, त्या प्रत्येकीस नवी घ्यावी व एकदा लावलेली पुन्हा नळीत बुडवू नये. जिचे डोळे लाल आहेत, तिने त्या दिवशी डोळ्यांस काहीही लावू नये, मग ती नवरी का असेना. हे सांगण्याचा धीर सजविणाऱ्या मुलीस हवा, आणि तिच्यावर न रागावण्याचे शहाणपण वडीलधाऱ्यांस.

धुण्याविषयी थोडे. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांची संस्था दर सात ते दहा दिवसांनी ब्रश धुण्यास सांगते. कोमट पाणी व लहान मुलांचा सौम्य शाम्पू एवढे पुरे. केस खाली करून धुवावेत. नळीत पाणी शिरले की डिंक सैल होतो. पाणी निपटून, आकार बोटांनी नीट करून, ब्रश टेबलाच्या काठावर आडवे ठेवावेत, म्हणजे केस हवेत राहतात. पेल्यात उभे करून वाळवू नयेत. बारीक ब्रश एका रात्रीत वाळतात. पावडरीचा मोठा ब्रश दमट हवेत आतून ओलाच राहतो व त्यावर पावडरीचे गोळे होतात, तेव्हा तो लग्नाच्या आदल्या रात्री न धुता दोन दिवस अगोदर धुऊन ठेवावा.