सासूबाईंच्या पुड्या

मैत्रिणींनो, आज पाककृती नाही. आज घरातलीच एक गोष्ट सांगायची आहे, आणि त्यात माझी चूक होती हे आधीच कबूल करते.

सासूबाईंचे गुडघे दुखत. शेजारणीच्या सांगण्यावरून त्या कुठून तरी साध्या कागदातल्या पुड्या आणू लागल्या. आठ दिवसांत गुडघे हलके! दोन वर्षं घेतल्या. चेहरा गोल झाला तेव्हा 'तब्येत सुधारली' असं आम्हीच म्हटलं. दंडाला जरा लागलं की काळंनिळं होई, तिकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. मग 2023 च्या पावसाळ्यात कळशी उचलताना पाठीत अशी कळ आली की त्या जागीच बसल्या. एक्स-रेमध्ये मणका दबलेला दिसला. "पुड्या घेऊन या, त्यात स्टेरॉइड असणार," डॉक्टर म्हणाले. मी नेल्याच नाहीत. रागाच्या भरात सगळ्या केरात टाकल्या. चौथ्या दिवशी सासूबाईंना उलट्या, चक्कर; रक्तदाब एकदम खाली. दवाखान्यात सलाइन आणि स्टेरॉइडचंच इंजेक्शन देऊन त्यांना वाचवलं!

झालं होतं असं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन अ‍ॅड्रिनल ग्रंथी असतात. त्या कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक करतात, आणि स्टेरॉइड हा त्याचाच भाऊ. बाहेरून आयतं मिळालं की या ग्रंथी काम सोडून झोपतात. पुडी अचानक बंद केली तर त्या लगेच जाग्या होत नाहीत, म्हणून जिवावर बेततं. कॉर्टिसोल असं कमी पडलं तर काहींच्या रक्तातलं कॅल्शियम उलट वाढतं. अ‍ॅडिसनच्या आजारात अ‍ॅड्रिनल ग्रंथी मुळातच निकामी होतात, त्यातही हे दिसतं.

आणि जास्त झालं तर? आतडं अन्नातलं कॅल्शियम कमी घेतं, लघवीतून ते जास्त जातं, आणि नवं हाड घडवणाऱ्या पेशी थंडावतात. पहिल्या काही महिन्यांतच हाडांची झीज सर्वांत वेगाने होते. अ‍ॅड्रिनलने स्वतःच कॉर्टिसोल जास्त केलं, तरी हाडांचं हेच होतं.

मानेत थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. रक्तातलं कॅल्शियम जरा घसरलं की त्या हाडांतून काढून भरपाई करतात. आपण नाही का, महिनाअखेरीला डब्यात जपून ठेवलेले पैसे काढतो? वाण्याचं बिल वेळेवर चुकतं, डबा मात्र रिकामा होत जातो. सासूबाईंचा कॅल्शियमचा रिपोर्ट नॉर्मल होता आणि मणका मोडलेला होता. शरीरातलं 99 टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. रक्ताच्या तपासणीत त्या साठ्याचा पत्ताच लागत नाही. त्यासाठी हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी असते.

दमा, संधिवात यांवर डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड वाईट नव्हे हो, कित्येकांचे प्राण त्यानेच वाचतात. पण तीन महिन्यांहून अधिक चालणार असेल तर 'हाडांचं काय?' हे आपणहून विचारा. बिननावाची पुडी घरात कुणी घेत असेल तर फेकू नका, डॉक्टरांकडे न्या.

आमच्याकडे आता रोज एक वेळ नाचणीची भाकरी, दूध, तिळाची चटणी. कॅल्शियमची गोळी आणि ड जीवनसत्त्व डॉक्टरांच्या मापाने. शेजारणीच्या डब्यातली गोळी मात्र घेऊ देत नाही, कारण लघवीतून कॅल्शियम जास्त जात असेल तर मुतखड्याची भीती असते. स्टेरॉइडची गोळी हळूहळू कमी करत बंद व्हायला आठ महिने लागले. कळशी आता मी उचलते.