पहिला पोहोचला तो प्रमुख

अग्निशमन सेवा सप्ताह 14 एप्रिलला सुरू होतो. 1944 साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला आणि 66 जवान गेले. हा इतिहास इथल्या प्रत्येक केंद्रात सांगितला जातो. याच आठवड्यात आणखी दोन तारखा येतात, 16 एप्रिल 1947 आणि 17 एप्रिल 2013. दोन्ही अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातल्या आहेत, दोन्ही वेळी अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला आणि दोन्ही वेळी सर्वात पुढे होते ते स्वयंसेवक.

1947 मध्ये टेक्सास सिटी बंदरात ‘ग्रँडकॅम्प’ जहाजाच्या मालाने पेट घेतला. गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलात 28 जण होते. सकाळी 9 वाजून 12 मिनिटांनी झालेल्या स्फोटात त्यांतले 27 एकदमच गेले. जवळच्याच ‘हाय फ्लायर’ या जहाजावरही अमोनियम नायट्रेट होतं. ते मध्यरात्रीनंतर फुटलं, तेव्हा गावाकडे स्वतःचं म्हणावं असं दलच उरलं नव्हतं.

66 वर्षांनी वेस्ट नावाच्या छोट्या गावात खताच्या गोदामाला आग लागली. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास वर्दी गेली आणि 7 वाजून 51 मिनिटांनी सुमारे 30 टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला. मृत 15, त्यांतले 12 मदतीला धावलेले. त्या संध्याकाळी गावात आपत्कालीन वैद्यकीय सेवेचा एक वर्ग चालू होता. आसपासच्या गावांतले स्वयंसेवक त्या वर्गाला आले होते, तेही उठून आगीकडे गेले. वीसेक मिनिटांत कोणी पाण्यासाठी लांबच्या हायड्रंटकडे पाहत होतं, कोणी शेजारची वस्ती रिकामी करत होतं. धैर्यात कोणीही कमी पडलं नाही. पण या साऱ्यांची कामं एका हातात नव्हती. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने जानेवारी 2016 मधल्या अंतिम अहवालात नेमकं हेच नोंदवलं आहे: घटनास्थळी कमांडची रीतसर व्यवस्था उभी राहिली नाही, गोदामाचा आधी अभ्यास करून आराखडा केलेला नव्हता आणि हे खत कसं फुटू शकतं याचं प्रशिक्षण जवानांना मिळालेलं नव्हतं.

स्वयंसेवी दलाची खरी अडचण इथे आहे. पगारी केंद्रातून बंब निघतो तेव्हा अधिकारी, चालक आणि जवान एकत्र निघतात; कोणी कोणाचं ऐकायचं हे वाटेतच ठरलेलं असतं. स्वयंसेवक शेतातून, दुकानातून, जेवणाच्या ताटावरून एकेकटा येतो, अनेकदा स्वतःच्या गाडीने. दलाचा प्रमुख त्या दिवशी परगावी असू शकतो. म्हणून कमांड पदावर अवलंबून ठेवून चालत नाही. प्रशिक्षित माणसांपैकी जो पहिला पोहोचेल त्याने वॉकीटॉकीवर तीन गोष्टी सांगायच्या: समोर काय दिसतं आहे, आपण काय करणार आहोत आणि कमांड आपल्याकडे आहे. नंतर वरिष्ठ आला तर त्याने समोरासमोर माहिती घ्यावी, कमांड आपल्याकडे आल्याचं पुन्हा वॉकीटॉकीवर जाहीर करावं आणि मगच सूत्रं हाती घ्यावीत. ही पद्धत नवी नाही. 1970 च्या कॅलिफोर्नियातल्या वणव्यांमध्ये अनेक यंत्रणांचा ताळमेळ न बसल्यामुळे तिचा पाया घातला गेला. भारतातही राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने ‘इन्सिडंट रिस्पॉन्स सिस्टिम’ची मार्गदर्शक तत्त्वं 2010 मध्येच दिली. ती जिल्हाधिकारी कार्यालयाच्या कपाटापर्यंत पोहोचली आहेत. औद्योगिक वसाहतीतल्या परस्पर मदत गटाच्या गेटवर किंवा नागरी संरक्षण दलाच्या स्वयंसेवकाच्या खिशात ती कितपत आहेत, हे प्रत्येक गटाने स्वतः तपासून पाहावं.

पहिला पोहोचून प्रमुख झालेल्याचा सर्वात अवघड निर्णय पाणी मारण्याचा नसतोच, न मारण्याचा असतो. वेस्टच्या चार वर्षं आधी, जुलै 2009 मध्ये, टेक्सासमधल्याच ब्रायन शहरात अमोनियम नायट्रेट साठवलेल्या गोदामाला आग लागली. तिथल्या दलाने आग जळू दिली, जवान मागे घेतले आणि लोकांना हलवलं. गोदाम गेलं, माणसं वाचली. असं मागे हटणं जवानाच्या जिवावर येतं, स्वयंसेवकाच्या तर फारच, कारण पेटलेलं गोदाम त्याच्याच गावाचं असतं आणि बघ्यांमध्ये त्याचे शेजारी उभे असतात. म्हणून हा निर्णय घटनास्थळी सुचण्यावर सोडता येत नाही. कोणत्या गोदामात काय आहे, किती आहे आणि ते पेटलं तर किती अंतरावर थांबायचं, हे शांत दिवशी तिथे जाऊन लिहून ठेवावं लागतं. व्हिक्टोरिया डॉकमध्येही जहाज बुडवायचं की ओढून बाहेर न्यायचं, याचा निर्णय वेळेत झाला नाही. तिथे अधिकारी हजर होते, पण शेवटचा शब्द कोणाचा हे ठरलेलं नव्हतं.

जवान मागे घ्यायचे तर हजेरीचा मुद्दाही येतो. एकेकटे येणारे स्वयंसेवक किती आले आणि आत किती आहेत, हे प्रमुखाला क्षणात सांगता आलं पाहिजे. त्यासाठी महागडी यंत्रणा लागत नाही. प्रत्येकाच्या नावाचा टॅग आणि तो अडकवायला एक फळी पुरते. आत जाताना टॅग फळीवर लावायचा, बाहेर आल्यावर काढायचा. टॅग लावल्याशिवाय कोणी पुढे जायचं नाही, मग तो कितीही अनुभवी असो.

या सप्ताहात ठिकठिकाणी मॉक ड्रिल होतील. बहुतेक ठिकाणी अधिकारी आधीच ठरलेले, बंब आधीच लावलेले आणि पाहुणे खुर्च्यांवर बसलेले असतात. गटांनी यंदा किमान एक ड्रिल वेगळी घ्यावी. वर्दी अवेळी द्यावी, दलाच्या प्रमुखाला मुद्दाम घरी ठेवावं आणि पहिल्या पोहोचलेल्या स्वयंसेवकाने कमांड घेतल्याचं वॉकीटॉकीवर सांगेपर्यंत किती मिनिटं गेली, ते घड्याळ लावून मोजावं.