खिडकी आपली, भिंत गल्लीची!

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं सॉल्टबर्न मला आवडतं ते त्याच्या पत्त्यांसाठी. रुबी स्ट्रीट, पर्ल स्ट्रीट, एमराल्ड स्ट्रीट... आहे की नाही थाट? १८६१ मध्ये रेल्वे आली आणि हेन्री पीझ या उद्योजकाने हे गाव वसवलं. घरांच्या फिकट विटा पीझ घराण्याच्याच भट्टीतल्या, नावाच्या शिक्क्यासकट! रत्नांच्या या गल्ल्या थेट समुद्राकडे धावतात. त्यामुळे पुढे आलेल्या बे विंडोत बसून मान वळवली की समुद्राची करडी पट्टी हजर. पण अशा जुन्या घराची लाकडी तावदानं काढून प्लास्टिकची बसवली, की अख्ख्या ओळीत तेवढीच कवळी दिसते. खिडकी आपली असते हो, दर्शनी भिंत मात्र गल्लीची! तेव्हा बाल्कनीला ग्रिल ठोकण्याआधी एकदा खाली उतरून आपल्या बिल्डिंगकडे बघाच.