घरी आलेला पगार रानात कधी जाणार ?



मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यात नोकरी करणारी आपली पोरं-पोरी संगणक काखोटीला मारून सांगवी परिसरात परत आली. महिना-दोन महिन्यांचा मुक्काम समजून आलेल्यांतले काही वर्ष-दोन वर्षे राहिले. काहींचे आठवड्यातले दोन-तीन दिवसांचे काम अजूनही घरूनच चालते. याचा ऊस विकासाशी काय संबंध, असे कोणी विचारील. आमच्या मते फार जवळचा आहे.

उसाचा पैसा कसा येतो हे सभासदाला सांगायला नको. जुलैत आडसाली लागण करायची, सोळा ते अठरा महिने रान अडकवायचे, तोडीसाठी चिटबॉयच्या मागे हिंडायचे आणि मग हप्त्याने बिल. 2025-26 च्या हंगामाला केंद्राने 10.25 टक्के उताऱ्यास क्विंटलला 355 रुपये एफआरपी ठरवली. त्यातून तोडणी-वाहतूक वजा, सोसायटीचे कर्ज वळते, उरेल ते आपले. पोराचा पगार मात्र महिन्याच्या महिन्याला. पूर्वी त्यातला मोठा वाटा पुण्यातच खोलीभाडे, खानावळ आणि जाण्यायेण्यात जिरत असे. पोरगा घरी बसून काम करू लागला तसा तो वाटा घरात राहिला. पाट तोच, फक्त मधली गळती थांबली.

मग हे पाणी गेले कुठे? आमचे रोजचे फिरणे शिवारातून असते. जे दिसते ते असे की बरेचसे बांधकामात गेले. उभ्या उसात बंगला उठला, रस्त्याकडेच्या पाच-दहा गुंठ्यांना गिऱ्हाईक आले. घर बांधू नये असे आम्ही म्हणत नाही. ज्याला दिवसभर कानाला यंत्र लावून बोलायचे त्याला शांत खोली हवी, आणि वस्तीवर शेतीच्या फीडरची वीज येते-जाते म्हणून इन्व्हर्टरही हवा. (गावठाणातल्यांचे बरे. वस्तीवरच्या पोरांनी साहेबाला काय काय कारणे सांगितली असतील ती त्यांनाच ठाऊक !) पण बंगल्याला खोडवा फुटत नाही. बागायती रानाचे तुकडे पडले की ते गाळपाला कायमचे मुकते. कारखान्याची क्षमता तीच आणि ऊस कमी, म्हणजे टनामागचा खर्च वाढला. तो भार ज्याच्या घरात कोणी नोकरदार नाही त्या सभासदावरही पडतो.

शिवाय ही सोय कायमची धरून चालावे काय? टीसीएसने एप्रिल 2020 मध्ये सांगितले होते की 2025 पर्यंत 25 टक्क्यांपेक्षा जास्त माणसे कचेरीत लागणार नाहीत. त्याच कंपनीने ऑक्टोबर 2023 पासून माणसांना आठवड्याचे पाचही दिवस कचेरीत बोलावले. अमेरिकेत उलटे झाले. तिथे कचेऱ्या ओस पडून इमारतींचे भाव पडले आणि कचेरीच्या जागा भाड्याने देणारी वुईवर्क कंपनी नोव्हेंबर 2023 मध्ये दिवाळखोरीत गेली. आपल्याकडच्या मोठ्या शहरांत मात्र 2024 साली कचेऱ्यांच्या जागांना विक्रमी मागणी आली. सांगायचे ते एवढेच की, उसाच्या बिलातून पुण्यात गाळा घेणारा बाप आणि ‘आता कायम गावातच’ म्हणून वीस वर्षांचे गृहकर्ज काढणारा पोरगा, दोघेही दुसऱ्याच्या हातातल्या एका पत्रावर पैसा लावतात.

कोकणाने हे आधी भोगले आहे. मुंबईच्या गिरण्यांतून येणारी मनीऑर्डर हाच तिथल्या कितीतरी घरांचा आधार होता. ती मीठमिरची, सणवार, घरदुरुस्ती यांतच संपायची. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला, मनीऑर्डरी आटल्या, आणि चालू उत्पन्न देणारे मागे फारसे काही उरले नव्हते.

आपल्याकडे ते करायला जागा आहे. नीरा डावा कालवा 1885 पासून वाहतो. त्या पाण्याने सोने पिकवले तशी पुष्कळ रानेही चोपण आणि पाणथळ केली. फुले 265 सारखी जात अशा जमिनीत तग धरते, म्हणून सभासद तीच लावतात. पण जात बदलल्याने जमीन सुधारत नाही. खरा इलाज निचऱ्याचा. सच्छिद्र पाईप जमिनीत गाडायचे आणि पाणी ओढ्यापर्यंत काढून द्यायचे. पीककर्जातून हे काम होत नाही, कारण त्या कर्जाची फेड पुढच्याच बिलातून असते आणि जमीन सुधारायला दोन-तीन पिके जातात. मासिक पगाराला ही घाई नाही. तीच गोष्ट ठिबकची. पाण्याची चाळीस टक्क्यांवर बचत आणि रान पाणथळ होण्याला आळा. पुढे पोराला परत बोलावणे आले तरी जमिनीतला पाईप जमिनीतच राहतो.

आडवे येते ते वेगळेच. उतारा बापाच्या नावावर, पैसा पोराचा. ‘उद्या वाटणी झाली तर माझं काय ?’ ही शंका त्याच्या मनात असते, तोंडावर येत नाही. 2005 च्या कायद्याने वडिलोपार्जित जमिनीत मुलीलाही मुलाइतकाच हक्क आहे, आणि पगार आणणाऱ्यांत लेकीही आहेत हे विसरून चालणार नाही. तेव्हा कोणी किती घातले ते घरात बसून लेखी ठरवावे. टाळेबंदीत पोरांनी बापाचे खताचे हिशेब काढले आणि ‘एवढा युरिया कशाला ?’ म्हणून विचारले तेव्हा बऱ्याच घरांत वाजले. आम्हाला ते भांडण आवडले.

निचऱ्याला एकट्याचे काम भागत नाही, खालच्या शेजाऱ्याची संमती लागते. तोड झालेले रान लागणीपर्यंत मोकळे असते, तोच काळ या कामाचा. ज्यांच्या रानात मीठ फुटते त्यांनी वरच्या आणि खालच्या थराच्या मातीचे वेगवेगळे नमुने, गट नंबर लिहून, शेतकी ऑफिसात आणून द्यावेत. येताना पगारदार मुलाला किंवा मुलीलाही बरोबर आणावे.